कॉडच्या पिल्लांना किती उजेड लागतो? न्यूफाउंडलंडमधलं एक प्रकरण

मत्स्यबीज केंद्राच्या हिशेबात दिवे वीजबिलाच्या रकान्यात जातात. माझ्या मते ते खाद्याच्या रकान्यात जायला हवेत. हे पटवून द्यायला कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कॉडच्या पिल्लांवर झालेल्या कामाइतकं सोयीचं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. एकाच प्रयोगशाळेत काही वर्षं एकाच प्रश्नाचा पाठपुरावा झाला, आधीच्या उत्तराला पुढच्या प्रयोगाने मुरड घातली, आणि शेवटी जे हाती आलं ते एका आकड्यात मावणारं नव्हतं. म्हणून ते इथे सविस्तर मांडतो. थंड समुद्रातल्या माशाचं हे प्रकरण जिताडा किंवा रोहू वाढवणाऱ्यांच्या किती कामाचं, याचा विचार शेवटी करू.

पार्श्वभूमी

२ जुलै १९९२ रोजी कॅनडाचे मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापलीकडची उत्तरी कॉडची मासेमारी बंद केली. बंदी दोन वर्षांची असेल असं तेव्हा सांगितलं होतं. तीस हजारांहून अधिक लोकांचा रोजगार एका घोषणेत गेला आणि व्यापारी मासेमारी पुन्हा सुरू व्हायला २०२४ चा जून उजाडला. ज्या बेटाची वस्ती, व्यापार, राजकारण सगळं या एका माशावर उभं राहिलं होतं, तिथे 'समुद्रात मिळत नाही तर टाकीत वाढवू' हा विचार पुढे येणं साहजिकच होतं.

विचार तसा जुना. न्यूफाउंडलंडच्याच ट्रिनिटी उपसागरातल्या एका छोट्या बेटावर ॲडॉल्फ नील्सन या नॉर्वेजियन माणसाने १८८९ मध्ये कॉडचं उबवणी केंद्र उभारलं होतं. नॉर्वेत फ्लोडेव्हिगेनला असंच केंद्र त्याच्या थोडं आधी सुरू झालं होतं आणि ते पुढे १९७१ पर्यंत चाललं. दोन्हीकडे काम एकच होतं. नर-मादी आणायचे, अंडी उबवायची आणि पोटाशी पिवळ्या बलकाची पिशवी असलेली पिल्लं कोट्यवधींच्या संख्येने समुद्रात सोडून द्यायची. पिल्लं इतक्या लहानपणी सोडायचं कारण अगदी व्यावहारिक होतं. बलक संपल्यावर त्यांना भरवायचं काय आणि कसं, हे कोणालाच जमत नव्हतं. नॉर्वेतल्या ऑस्टेव्होल इथे १९८३ मध्ये एका बंदिस्त खाऱ्या तलावात कॉडची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पहिल्यांदा मोठ्या संख्येने तयार झाली, तीही निसर्गाच्या उजेडात आणि निसर्गातल्याच प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर). बंद खोलीतल्या टाकीत, वर्षाच्या कुठल्याही महिन्यात, ठरवून बीज काढायचं तर खाद्य, तापमान, पाणी आणि उजेड हे सगळं माणसाने ठरवायचं होतं. यातल्या उजेडाचा विचार सर्वांत कमी झाला होता.

न्यूफाउंडलंडची राजधानी सेंट जॉन्सजवळ लोगी बे इथे मेमोरियल विद्यापीठाचं सागरविज्ञान केंद्र आहे. तिथे जोसेफ ब्राऊन आणि वेलमुरुगु पुवनेंद्रन यांनी नव्वदच्या दशकात हा प्रश्न हाती घेतला.

पिल्लू आणि त्याचा डोळा

कॉडची मादी एका हंगामात लाखो अंडी घालते, मोठी असेल तर त्याहून कितीतरी जास्त. अंडं जेमतेम दीड मिलिमीटरचं, पाण्यावर तरंगणारं. त्यातून बाहेर येणारं पिल्लू चार-साडेचार मिलिमीटर लांब आणि पारदर्शक असतं. थंड पाण्यात आठवडाभर बलक पुरतो. तेवढ्यात त्याला शिकार करायला यावं लागतं. प्रौढपणी जे जठर असतं ते या वयात नसतं, आतडं म्हणजे जवळपास सरळ नळी. साठा करायला जागा नाही, म्हणून थोडं थोडं सतत खावं लागतं. आणि खायचं ते जिवंत, हलणारं, आधी रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव) आणि मग आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातकुळीचा बारीक जीव).

आता डोळा. माणसाप्रमाणेच माशांच्या दृष्टिपटलातही दोन प्रकारच्या पेशी असतात. भर उजेडात चालणाऱ्या शंकूपेशी आणि अंधुक उजेडात चालणाऱ्या दंडपेशी. बहुतेक समुद्री माशांच्या नवजात पिल्लांत सुरुवातीला फक्त शंकूपेशी असतात, दंडपेशी नंतर, पिल्लू रूपांतराच्या (मोठ्या माशासारखं रूप घेण्याच्या) वयाला येता येता तयार होतात. म्हणजे मंद उजेडात पाहायची यंत्रणाच अजून बसलेली नसते. शिवाय डोळा इतका लहान की पिल्लाला स्वतःच्या लांबीएवढ्या अंतरापलीकडचं भक्ष्य नीट दिसत नाही. टाकी रोटिफरने कितीही भरलेली असो, पिल्लासाठी जग म्हणजे डोक्यापुढचे तीन-चार मिलिमीटर.

उजेड कमी झाला की हे अंतरही आक्रसतं. अन्न टाकीत असतं, पण पिल्लाच्या दृष्टीने नसतं. खाद्याचा रकाना म्हणतो तो यासाठी.

पहिला प्रयोग: दोन घराणी, दोन उत्तरं

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या कामात ब्राऊन आणि पुवनेंद्रन यांनी दोन ठिकाणच्या कॉडची पिल्लं घेतली. एक गट न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्याकडचा, दुसरा त्याच्या नैऋत्येला असलेल्या नोव्हा स्कोशियासमोरच्या स्कोशियन शेल्फ या उथळ समुद्रपट्ट्यातला. दोन्ही गट त्याच प्रयोगशाळेत, काही टाक्या मिणमिणत्या उजेडात (दहा लक्सच्या आसपास; लक्स हे उजेडाचं माप) आणि काही काहीशे लक्सच्या लख्ख उजेडात ठेवले.

अपेक्षा सरळ होती की कुठला तरी एक उजेड चांगला ठरेल. पण न्यूफाउंडलंडची पिल्लं लख्ख उजेडात चांगली खाऊ लागली आणि वाढली, तर स्कोशियन शेल्फची मंद उजेडात सरस ठरली. मासा एकच, पाणी तेच, खाद्य तेच. फरक उरला तो फक्त घराण्याचा. दोन्ही ठिकाणी अंडी घालायचे हंगाम वेगळे आहेत. एकीकडची पिल्लं लांबत्या दिवसांच्या वसंत-उन्हाळ्यात जन्मतात, दुसरीकडे शरदातही कॉड अंडी घालतो, जेव्हा त्या अक्षांशांवर दिवस आखडलेला आणि उजेड फिका असतो. पिढ्यानपिढ्या ज्या उजेडात शिकार करायची त्याला डोळा आणि वागणं जुळत गेलं असावं, हे त्याचं पटण्याजोगं स्पष्टीकरण आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने मला हा निकाल सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि नंतरच्या चर्चांत तोच सर्वांत कमी वेळा आठवला जातो. 'कॉडला अमुक लक्स' असं म्हणण्याआधी 'कुठल्या कॉडला' हे विचारायला हवं, असं तो सांगतो. प्रजननासाठी नर-मादी कुठून आणले, याची नोंद बीज केंद्राच्या वहीत एरवी आनुवंशिकतेसाठी ठेवतात. तीच नोंद दिवे लावणाऱ्यालाही लागते.

मधली पायरी: टाकीत अन्न किती?

उजेडाचा पुढचा प्रयोग समजून घ्यायला १९९९ चं एक काम आधी पाहावं लागतं. याच दोघांनी लिटरमागे काहीशे ते हजारो भक्ष्यांपर्यंत वेगवेगळ्या घनतेत कॉडची पिल्लं वाढवून पाहिली. फार कमी घनतेत पिल्लं तगलीच नाहीत. लिटरला सुमारे ४,००० भक्ष्य असताना वाढ चांगली मिळाली, त्याहून वर नेऊन खर्चाच्या मानाने फायदा नव्हता. समुद्रात इतकी दाट मेजवानी क्वचितच असते. टाकीतल्या पिल्लाला ती लागते, कारण त्याची पाहायची कक्षा मिलिमीटरमध्ये आहे.

थोडा हिशेब करू. लिटरला ४,००० म्हणजे प्रत्येक मिलिलिटरला चार. एका भक्ष्याच्या वाट्याला पाव घनसेंटिमीटर पाणी, आणि दोन भक्ष्यांमध्ये सरासरी अंतर सहा मिलिमीटरच्या घरात. पिल्लाला तीन-चार मिलिमीटरपर्यंत दिसत असेल तर त्याला दर वेळी थोडंच पोहावं लागतं. उजेड कमी करून दिसायची कक्षा निम्मी केली, तर नजरेत मावणारं पाणी एक अष्टमांश होतं, कारण घनफळ अंतराच्या घनाने घटतं. ही तूट रोटिफर वाढवून भरून काढायची तर किती रोटिफर पिकवावे लागतील! त्यापेक्षा दिवा स्वस्त.

२००२: चार पातळ्या, तीन वेळापत्रकं

मुख्य प्रयोगाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. उजेडाच्या चार पातळ्या घेतल्या: ३००, ६००, १,२०० आणि २,४०० लक्स. दिवसाच्या लांबीची तीन वेळापत्रकं: २४ तास सलग उजेड, १८ तास उजेड आणि ६ अंधार, १२ तास उजेड आणि १२ अंधार. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून ४२ दिवसांची होईपर्यंत पाहणी चालली. वाढ आणि जगणं मोजलंच, पण या प्रयोगशाळेचं वैशिष्ट्य म्हणजे वागण्याची नोंद. एकेक पिल्लू निवडायचं, थोडा वेळ फक्त त्याच्याकडे पाहायचं आणि ते किती वेळा भक्ष्याकडे वळलं, किती वेळा झेप घेतली, किती झेपा फुकट गेल्या, किती वेळा पाहूनही सोडून दिलं, हे लिहून ठेवायचं. नुसतं महिन्याअखेरचं वजन पाहिलं तर 'वाढलं' एवढंच कळतं, 'का वाढलं' हे अशा नोंदींतून कळतं.

२,४०० लक्सच्या टाक्यांतली पिल्लं वाढीत आणि जगण्यात सरस ठरली. वेळापत्रकांत २४ तास उजेड पुढे होता. ज्यांच्यापुढे उजेड जास्त आणि जास्त वेळ, त्यांची शिकार अधिक सफल होत होती.

वरवर पाहता यात नवल नाही. पण १९९८ च्या निकालाबरोबर ठेवून वाचलं की त्याची धार कळते. ३०० लक्स म्हणजे आपल्या कचेरीतल्या टेबलावरच्या उजेडाएवढा. माणसाला त्यात वर्तमानपत्र आरामात वाचता येतं, म्हणून बीज केंद्रातल्या कामगाराला टाकी 'चांगली उजळलेली' वाटते. त्याच टाकीत पिल्लं कमी पोटभर राहतात. माणसाच्या डोळ्यांनी टाकीचा उजेड ठरवणं हा या धंद्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत महागडा अंदाज आहे.

महागडा कसा, ते आकड्यांत पाहू. समजा, एक पिल्लू रोज वजनाच्या १० टक्के वाढतं आणि दुसरं ८ टक्के. रोजचा फरक नजरेत भरणार नाही इतका बारीक. ४२ दिवसांनंतर पहिलं मूळ वजनाच्या सुमारे ५५ पट झालेलं असेल आणि दुसरं २५ पट. हे दर मी समजुतीसाठी घेतलेत, प्रयोगातले नाहीत. पण रोजचे चार-दोन घास जास्त मिळाल्याचा परिणाम सहाव्या आठवड्यात दुप्पट वजनापर्यंत कसा जातो, ते यातून दिसतं. आणि या वयात मोठं पिल्लू म्हणजे नुसतं जड पिल्लू नव्हे. त्याचं तोंड मोठं, त्याला रोटिफरवरून आर्टेमियावर आणि तिथून कोरड्या खाद्यावर लवकर नेता येतं. कॉडच्या बिजोत्पादनात जिवंत खाद्याचा खर्च भलताच असतो, तो जितक्या लवकर थांबेल तितकं बरं.

मग दिवे कायमचे लख्खच ठेवायचे?

व्यापारी केंद्रांनी २४ तास उजेडाची पद्धत उचलली. पण याच प्रयोगशाळेतून २००६ मध्ये पुढचं काम आलं आणि त्याने आधीच्या उत्तराला वयाची अट जोडली. पहिले सुमारे चार आठवडे २,२०० लक्सच्या आसपास प्रखर उजेड आणि त्यानंतर तो ६०० च्या आसपास उतरवणं, ही पद्धत फायद्याची दिसली. ज्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात झगझगीत उजेड लागत होता, त्यालाच महिन्याभराने तो नको होता.

का? माझं वाचन असं. चार आठवड्यांत डोळा मोठा होतो, दंडपेशी यायला लागतात, दिसायची कक्षा वाढते. आता मंद उजेडातही भक्ष्य सापडतं, म्हणजे प्रखर उजेडाचा मुख्य फायदा संपला. तोटे मात्र उरतात. समुद्रात या वयाची पिल्लं हळूहळू खोल उतरू लागतात, वरचा झगझगाट त्यांच्या सवयीचा राहत नाही. प्रखर उजेडात पोहणं, दचकणं, एकमेकांवर धावून जाणं वाढलं तर खाल्लेलं त्यातच खर्च होतं.

माशाला पापण्या नसतात आणि बहुतेक हाडांच्या माशांची बाहुली आपल्यासारखी आकुंचन पावत नाही. अंधारातून उजेडात आल्यावर त्यांच्या दृष्टिपटलातले रंगकण आणि पेशी जागा बदलतात, आणि त्याला काही मिनिटं नव्हे, बऱ्याचदा अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. म्हणून बटण दाबून एकदम दिवा लावला की बोटुकली भिंतीवर आपटतात. दिवसा-रात्रीचं वेळापत्रक ठेवायचं तर उजेड हळूहळू चढवणारी आणि उतरवणारी सोय हवीच. २४ तासांच्या पद्धतीत हा प्रश्न येत नाही, वीज जाईपर्यंत. कधीच अंधार न पाहिलेल्या पिल्लांवर अचानक अंधार आणि मग अचानक झगझगाट हा दुहेरी मार असतो. न्यूफाउंडलंडपेक्षा आपल्याकडच्या वाचकांना हे जास्त जवळचं वाटेल.

उजेडाचा पिल्लांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, हे सांगताना कॉडच्याच समुद्रातल्या हॅलिबट या माशाचं उदाहरण द्यावंच लागतं. तोही उत्तर अटलांटिकचा, त्याचंही बीज याच देशांत काढतात. पण त्याची अंडी आणि बलक अंगावर असलेली पिल्लं निसर्गात खोल पाण्यात, अंधारात असतात. बीज केंद्रात ती उंच नळकांड्यासारख्या टाक्यांत, थंड पाण्यात, महिनाभराहून अधिक काळ पूर्ण अंधारात ठेवतात. या काळात उजेड मिळाला तर जबड्याची विकृती होते, तोंड उघडं राहतं, आणि असं पिल्लू पुढे खाऊच शकत नाही. आफ्रिकन मांगूर (ज्याच्या संवर्धनाला भारतात बंदी आहे) हा निशाचर मासा तर अंधारात कमी भांडतो आणि जास्त वाढतो. उजेडाचा योग्य आकडा माशागणिक इतका बदलतो की एका माशाचा तक्ता दुसऱ्याच्या टाकीवर चिकटवणं सरळ धोक्याचं आहे.

खाद्य आणि उजेड यांचा आणखी एक धागा आहे. डोळ्याच्या दृष्टिपटलाला डीएचए हे मेदाम्ल लागतं. रोटिफरमध्ये ते जवळपास नसतंच, म्हणून पिल्लांना देण्याआधी रोटिफरना तेल किंवा शैवालावर पोसून 'भरावे' लागतात. हेरिंग माशाच्या लहान पिल्लांवर १९९५ मध्ये दाखवून दिलं गेलं की डीएचए कमी मिळालेल्या पिल्लांना मंद उजेडात नीट दिसत नाही. तेव्हा एखाद्या केंद्रात मंद उजेडात पिल्लं उपाशी राहत असतील तर दोष दिव्याचा की रोटिफरच्या पोषणाचा, हे नुसतं लक्समीटरवरून ठरत नाही. दोन्ही दोष असतील तर एकमेकांना वाढवतात.

लक्स नावाची अडचण

या सगळ्या आकड्यांवर एक आक्षेप घ्यायला हवा. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला बेतलेलं आहे, हिरव्या-पिवळ्या उजेडाला ते जास्त वजन देतं. माशाचा डोळा तसा नाही. पिवळसर दिव्याचे २,४०० लक्स आणि निळसर एलईडीचे २,४०० लक्स माशाला सारखे दिसत नाहीत. २०१६ मध्ये स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या अभ्यासकांच्या कामात कॉड आणि टर्बोट (एक चपटा समुद्री मासा) यांची पिल्लं लाल उजेडापेक्षा निळ्या-हिरव्या उजेडात चांगली वाढलेली दिसली. समुद्राच्या पाण्यात लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, निळा-हिरवा खोल पोहोचतो, हे लक्षात घेतलं तर हे जुळतं. जुन्या ट्यूबलाइटवर काढलेले आकडे नव्या एलईडीवर जसेच्या तसे उतरवताना म्हणूनच जपून.

दुसरं, असे आकडे साधारणपणे पाण्याच्या पृष्ठभागावर मोजलेले असतात. पाण्यात शैवाल सोडून 'हिरवं पाणी' केलेलं असेल तर अर्ध्या मीटरखाली उजेड खूपच कमी होतो. हिरव्या पाण्यात उजेड विखुरतो, भक्ष्य पार्श्वभूमीवर उठून दिसतं आणि पिल्लं टाकीभर पसरतात, म्हणून ते फायद्याचं. पण मग पिल्लाला खरोखर मिळणारा उजेड कोणता, वरचा की खालचा? टाकीच्या भिंतीचा रंगही यात येतो. पांढऱ्या भिंतीवरून उजेड परततो आणि पिल्लं भिंतीकडे जाऊन तिथेच घुटमळतात, समोर अन्न असून खात नाहीत. काळ्या भिंतीच्या टाकीत हे कमी होतं.

पुढे काय झालं

बिजाचा प्रश्न बराचसा सुटला, तरी कॉडचा धंदा लगेच उभा राहिला नाही. नॉर्वेत २००९-१० च्या सुमारास वर्षाला वीस हजार टनांच्या आसपास शेतीचा कॉड निघत होता, पुढच्या चार-पाच वर्षांत तो जवळपास शून्यावर आला. जागतिक मंदी, समुद्रात पकडलेल्या कॉडची मुबलकता, पडलेले भाव, ही कारणं होतीच. पण एक कारण पुन्हा उजेडाचंच होतं. पिंजऱ्यातला कॉड दोन वर्षांतच वयात येतो, आणि वयात आला की खाल्लेलं मांसाऐवजी अंडी-वीर्यात जातं, वाढ थांबते. बंद टाकीत सतत उजेड ठेवला तर हे टळतं, कारण लहान होत जाणारा दिवस हाच माशाचा प्रजननाचा इशारा आहे आणि तो त्याला मिळत नाही. समुद्रातल्या उघड्या पिंजऱ्यात मात्र पाण्याखाली कितीही ताकदीचे दिवे सोडले तरी दिवसाचा सूर्य त्यांना झाकोळून टाकतो. माशाला दिवस-रात्रीतला फरक जाणवत राहतो आणि प्रजनन टळत नाही, फक्त लांबतं. सलग उजेडाच्या टाकीत वाढवलेली पिल्लं शेवटी त्याच उजेडाच्या गणिताने अडली.

जोसेफ ब्राऊन २००५ मध्ये वारले. लोगी बे इथल्या जलजीव संशोधनाच्या एका इमारतीला आज त्यांचं नाव आहे. पुवनेंद्रन पुढे नॉर्वेत ट्रोम्सोला कॉडच्या निवड-पैदाशीच्या कामात गेले. गेल्या काही वर्षांत नॉर्वेत कॉडशेती पुन्हा सुरू झाली ती अशाच पिढ्यानपिढ्या निवडलेल्या बिजावर.

आपल्या टाकीसाठी यातलं काय घ्यायचं

२,४०० हा आकडा घेऊ नये, हे आतापर्यंत स्पष्ट झालं असेल. पेण-अलिबागच्या खारेपाटात घरापुढच्या तळ्यात जिताडा पोसायची जुनी रीत आहे. पूर्वी पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरून आणत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव संशोधन संस्थेने (सीबा) १९९७ मध्ये जिताड्याचं बीज टाकीत काढून दाखवल्यापासून तयार बीज विकत आणून संगोपन टाक्यांत वाढवणंही वाढलं. या टाक्यांतली अडचण कॉडच्या बरोबर उलटी असते. तिकडे बंद खोलीत उजेड पुरवायचा प्रश्न, इकडे कोकणच्या उन्हात तो आवरायचा. एप्रिलच्या दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या आसपास उजेड पडतो. ५० टक्क्यांची शेडनेट लावली तरी पन्नास हजार उरतात. उथळ, स्वच्छ पाण्याच्या, फिक्या रंगाच्या टाकीत त्या उन्हापासून पिल्लाला लपायला जागाच नसते. पाणी तापतं, भिंतीवर शेवाळ धरतं, आणि जाळीच्या फटीतून एका कोपऱ्यात पडलेल्या कवडशात पिल्लं गोळा होतात. गर्दी झाली की मोठा जिताडा लहान भावंडांना गिळतो, हे तो पोसणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

न्यूफाउंडलंडहून घेण्यासारखी आहे ती पाहायची पद्धत. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी टाकीच्या मधोमध आणि कडेला उजेड मोजावा. साधा लक्समीटर चालेल, फक्त दर वेळी तोच वापरावा. पिल्लं टाकीत कुठे आहेत ते लिहावं. भरवल्यानंतर काही पिल्लं काढून भिंगाखाली पोट पाहावं, ती अजून पारदर्शक असतील तर भरलेलं आतडं सहज दिसतं. पोट रिकामं आणि पाण्यात खाद्य भरपूर असेल तर आणखी खाद्य टाकण्याआधी उजेड, पाण्याचा हिरवेपणा आणि टाकीचा रंग तपासावा. दिवे लावत असाल तर मंद-प्रखर करता येणारे घ्यावेत आणि वीज गेल्यावर एखादा मिणमिणता दिवा तरी चालू राहील अशी बॅटरी जोडावी.

शक्य असेल तर एकाच खेपेचं बीज दोन टाक्यांत विभागावं, एकीवर एक थर शेडनेट, दुसरीवर दोन, बाकी सगळं सारखं. चाळण लावताना (पिल्लं आकारानुसार वेगळी करताना) दोन्हीकडच्या सरासरी वजनाबरोबर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान पिल्लाची लांबीही लिहावी. जिताड्याचं पिल्लू स्वतःच्या लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश लांबीचं भावंड गिळू शकतं. त्यामुळे एका टाकीत सरासरी वाढ जास्त दिसली तरी मोठ्या-लहानातलं अंतर त्या मर्यादेपलीकडे गेलं असेल, तर पुढच्या खेपेला दुसऱ्या टाकीचीच सावली घ्यावी.